गाडी भाड्याने न घेता मॉरिशस : आठ महिन्यांच्या बस-मेट्रो वापरानंतर

आधी मुख्य अडचण. गावांकडे जाणाऱ्या मार्गांवर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बस संपतात. जूनमध्ये सूर्य पावणेसहाला मावळतो, तेव्हा फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघून परतता येतं. डिसेंबरमध्ये तो पावणेसातच्या पुढे मावळतो आणि मग टॅक्सीशिवाय इलाज नाही. टॅक्सीत मीटरचा भरवसा धरू नका, बसण्याआधीच भाडं ठरवा.

बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब. तरी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर सरळ बस क्वचितच मिळते, मध्ये राजधानी पोर्ट लुईला किंवा मधल्या पठारावरच्या क्युर्पिपला बदलावी लागते. पोर्ट लुईत बसची दोन स्थानकं आहेत. दक्षिणेच्या आणि पठारावरच्या गाड्या व्हिक्टोरियाहून, तर उत्तरेच्या, म्हणजे ग्राँ-बे, त्रू-ओ-बिशच्या, इमिग्रेशन स्क्वेअरहून. नवख्याचा अर्धा तास इथेच जातो. दोन्हींना मेट्रोचं स्टेशन आहे (इमिग्रेशन स्क्वेअरसाठी आप्रवासी घाट), त्यामुळे सामान असेल तर उन्हातून पायपीट करू नये.

मेट्रो मात्र बिनतक्रार. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही २६ किलोमीटरची लाइन पोर्ट लुई ते क्युर्पिप धावते. गाडी वातानुकूलित, शिवाय रस्त्यावरची कोंडी चुकते. ती विमानतळापर्यंत जात नाही. तिथून माएबुर–पोर्ट लुई बस मिळते, पण बसला डिकी नाही. मोठी बॅग मांडीवर घेऊन जायची तयारी असेल तरच तो विचार करा.

बसमध्ये कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो, अगदी एसटीसारखं. तपासनीस मध्येच चढतो, म्हणून उतरेपर्यंत तिकीट जपा. सुट्टे हवेतच, दोन हजार मॉरिशस रुपयांची नोट काढलीत तर कंडक्टरचा चेहरा बघण्यासारखा होतो. गावांची नावं फ्रेंच धाटणीने बोला. ‘क्युअरपाइप’ म्हटलं तर कळत नाही, तसंच पाटीवरचं ‘महेबोर्ग’ म्हणजे माएबुर. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, हे मुंबईहून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, पण निघण्याआधी अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू करावं लागतं. नाहीतर दुकानात स्कॅन करूनही पैसे जात नाहीत. बसमध्ये आणि खाण्याच्या गाड्यांवर मात्र रोख लागते.

त्या गाड्यांवरची दालपुरी जरूर घ्या. आत शिजवून वाटलेली डाळ, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच, पण कागदाइतकी पातळ. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यावर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची चटणी आणि लोणचं घालून गुंडाळून देतात. ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी. तिखट नको असेल तर ‘सां पिमां’ म्हणा, आणि हे आधीच सांगा. मिरची इथे गंमत म्हणून घालत नाहीत.

भारतीय गोल तीन पिनांचा प्लग बसत नाही. भिंतीवर ब्रिटिश चौकोनी पिनांचं किंवा युरोपीय दोन गोल पिनांचं सॉकेट असतं, कधी एकाच खोलीत दोन्ही. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या नेत असाल तर त्यांच्यासाठी लागणारी परवानगी आधीच काढा. कस्टम त्याबाबत कडक आहे. ई-सिगारेट तर घरीच ठेवा.

ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर कोरडा आणि सुखाचा, पण तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो, म्हणून पश्चिमेला मुक्काम करा. क्युर्पिप साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. खाली किनाऱ्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यासारखी झिमझिम असते, पातळ जॅकेट हवंच. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा लागला की बस आणि मेट्रो बंद होतात, दुकानंही मिटतात. पाणी, बिस्किटं आणि बॅटरी दुसऱ्या वर्गालाच घेऊन ठेवा.