आठ फ्लॉपी ड्राइव्हचं कार्ड: मॉन्स्टर एफडीसी खानदेशात उभं करताना

जुन्या पीसीला दोनपेक्षा जास्त फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचे असतील, तर मॉन्स्टर एफडीसी हे आयएसए (जुन्या पीसीतल्या स्लॉटची पद्धत) कार्ड डोळे झाकून घ्यावं. मात्र आठही ड्राइव्ह भरायच्या मागे लागू नये. ३६० केबी, १.२ एमबी, ७२० केबी आणि १.४४ एमबी असा प्रत्येकी एक, म्हणजे चार ड्राइव्ह लावले की कार्डाचा खरा उपयोग होतो. पुढचे चार हौसेचे.

दोन ड्राइव्हची मर्यादा मुळात कंट्रोलरची, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपची, नव्हतीच. त्याच्या रजिस्टरमध्ये चार मोटरींसाठी चार बिट पहिल्यापासून आहेत. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या फ्लॉपी अडॅप्टरवर आत दोन ड्राइव्ह बसत, आणि मागच्या ३७ पिनांच्या जोडणीवर बाहेर आणखी दोन. एटी या पुढच्या मॉडेलपासून बायोसने (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) दोनच ड्राइव्हची नोंद ठेवली आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं. सर्गेई किसेलेव्ह यांच्या या खुल्या आराखड्यात दोन कंट्रोलर आहेत, प्रत्येकावर चार ड्राइव्ह. सोबत त्यांचंच मल्टी-फ्लॉपी बायोस एक्स्टेन्शन चिपमध्ये भरून बसवायचं. मदरबोर्डच्या बायोसला जे कळत नाही ते हे सांभाळतं. ८ बिटांचं कार्ड असल्याने एक्सटी या आयबीएमच्या जुन्या मॉडेलपासून आयएसए स्लॉट असलेल्या पेंटियमपर्यंत कुठेही बसतं.

तयार कार्ड बाजारात शोधत बसू नका. आराखड्याच्या फायली पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) बनवणाऱ्याला पाठवायच्या. परदेशी कंपन्या बहुधा किमान ५ बोर्ड देतात, तेव्हा चार-पाच जणांनी मिळून मागवले तर टपाल आणि कस्टम ड्युटी वाटून जाते. सॉकेट, रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जळगावला गोलाणी मार्केटच्या आसपास चौकशी केली तर जमतात. कंट्रोलर चिप, ३४ धाग्यांची करडी रिबन आणि सव्वापाच इंची ड्राइव्हचे एज कनेक्टर यांसाठी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोडच बरा. स्वस्तात मिळालेल्या जुन्या चिपवर नाव घासून दुसरं छापलेलं असू शकतं, म्हणून चिप थेट बोर्डावर झाळू नका, सॉकेटमध्येच बसवा.

झाळणं संपलं की चिपा न लावता मल्टिमीटर घ्या आणि स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांपैकी बी१ (ग्राउंड) व बी३ (५ व्होल्ट) यांच्यात शॉर्ट आहे का ते पाहा. मीटर वाजला तर कार्ड स्लॉटमध्ये घालायचं नाही. हे मिनिटभराचं काम टाळलं तर मदरबोर्ड जायचा, आणि चालू स्थितीतला ४८६ बोर्ड आता सहज मिळत नाही. तसा बोर्ड भंगारातून उचलताना ३.६ व्होल्टची निळी बॅटरी आधी बघा. तिच्यातून पाझरलेलं हिरवट पाणी ट्रॅक खातं. बॅटरी कापून काढा, जागा व्हिनेगरने पुसा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल).

सगळ्यात जास्त वेळ खातात ते पत्ते. पहिला कंट्रोलर ३एफ० या पत्त्यावर, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची तार) ६, डीएमए (मेमरीत थेट डेटा नेण्याची वाट) २. दुसरा ३७० वर, त्याला आयआरक्यू आणि डीएमए वेगळे द्यावे लागतात. बहुतेक जण ७ आणि ३ देतात, आणि इथेच गोम आहे: आयआरक्यू ७ वर प्रिंटर पोर्ट असतो, आणि एक्सटीची हार्ड डिस्क डीएमए ३ वापरते. साउंड कार्ड असेल तर डीएमए १ सुद्धा गेलेला. प्रिंटर लागत नसेल तर त्याचा पोर्ट सरळ बंद करा. मल्टी-आयओ कार्डावरचा (डिस्क, प्रिंटर वगैरेंच्या जोडण्या असलेलं कार्ड) फ्लॉपी कंट्रोलर जंपरने (पिनांवरची छोटी टोपी) बंद करायला तर विसरूच नका, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघे बोलायला लागतात आणि एकही ड्राइव्ह धड चालत नाही. दुय्यम आयडीईही (हार्ड डिस्कची दुसरी जोडणी) बंद ठेवा, कारण तिचे ३७६-३७७ हे पत्ते दुसऱ्या फ्लॉपी कंट्रोलरच्या हद्दीत येतात.

पिळाच्या एका केबलवर दोनच ड्राइव्ह बसतात, म्हणून आठ ड्राइव्हना चार केबल. पिळात १० ते १६ या सात तारा उलटलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही ड्राइव्हच्या क्रमांकाचा जंपर डीएस१ वरच ठेवायचा (मोजणी ० पासून). वेगवेगळा क्रमांक देण्याची हुशारी केली की दोन्ही दिवे एकदम लागतात. एक दिवा सतत जळत राहिला तर केबल उलटी आहे. जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हवर १५० ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लागणारे रेझिस्टर) असतो. तो केबलच्या शेवटच्या ड्राइव्हवरच ठेवा, मधल्यावरचा काढा. डिस्क बदलूनही डायरेक्टरी आधीच्याच डिस्कची दिसत असेल तर ३४ क्रमांकाची तार तपासा. डिस्क बदलल्याची खूण तिच्यावरून जाते. हा दोष दिसत असताना त्या डिस्कवर काही लिहू नका: आधीच्या डिस्कचं फाइल-कोष्टक नव्या डिस्कवर बसतं आणि आतला डेटा हातचा जातो.

डॉसमध्ये पहिल्या दोघांना ए आणि बी मिळतात. पुढच्यांसाठी कॉन्फिग फाइलमध्ये ड्रायव्हर.सिस या डॉसच्या ड्रायव्हरची प्रत्येकी एक ओळ. त्या ओळीत डी हा ड्राइव्हचा क्रमांक, मोजणी ० पासून, म्हणजे तिसऱ्याला २. एफ हा प्रकार: ३६० केबीला ०, १.२ एमबीला १, ७२० केबीला २ आणि १.४४ एमबीला ७. विंडोज ९५ स्वतःचा फ्लॉपी ड्रायव्हर चालवते आणि बायोसला विचारत नाही, म्हणून या मशिनवर साधा डॉसच ठेवावा. लिनक्समध्ये दुसरा कंट्रोलर फ्लॉपी ड्रायव्हरच्या पर्यायात सांगावा लागतो.

आता ड्राइव्हकडे. जिनिंगच्या, सूतगिरणीच्या किंवा अडत्याच्या ऑफिसातून आलेला ड्राइव्ह उघडला की आत रुईचे तंतू आणि धूळ यांची घट्ट बसलेली करडी गादी असते. ती फुंकरीने जात नाही. तंतू नेमके शून्याव्या ट्रॅकच्या सेन्सरच्या खाचेत अडकतात, मग हेड मागच्या टोकाला जाऊन खटखट आपटत राहतं. चिमट्याने तंतू ओढून काढा, खाच मऊ ब्रशने साफ करा. हेड आयपीए लावलेल्या कापडी पट्टीने हळूच पुसा. वरचं हेड बोटाने उचलू नका, त्याची पातळ स्प्रिंग वाकली की ड्राइव्ह संपला. स्क्रूच्या दांड्यावरचं ग्रीस मेणासारखं वाळलेलं असतं. ते पूर्ण पुसून नवं अगदी थोडं लावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, प्लास्टिक खराब होतं.

३६० केबीच्या डिस्कवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने लिहिणं टाळा. त्याचं हेड अरुंद, जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच उरतात आणि मूळ ड्राइव्हला वाचताना दोन्हींची भेसळ मिळते. म्हणूनच चार प्रकारचे चार ड्राइव्ह लागतात, आणि म्हणूनच हे कार्ड पैसे वसूल करतं. वेगाची अपेक्षा ठेवू नका: १.४४ च्या डिस्कचे १६० ट्रॅक, एका फेरीला ०.२ सेकंद, म्हणजे नुसतं वाचायलाच कमीत कमी ३२ सेकंद. डॉस एका वेळी एकच काम करतं, त्यामुळे आठ ड्राइव्ह लावून आठपट वेग मिळत नाही.

वीज फार लागत नाही, मोटर बहुधा एका वेळी एकच फिरते. २०० वॅटचा एटी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरतो, फक्त त्याचे फुगलेले कपॅसिटर आधी बदला. मदरबोर्डचे पी८ आणि पी९ हे पॉवर कनेक्टर लावताना काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी. ड्राइव्हचं छोटं आणि मोठं पॉवर कनेक्टर यांत ५ आणि १२ व्होल्टचा क्रम उलटा असतो, तेव्हा घरगुती जोड करताना लाल म्हणजे ५ आणि पिवळी म्हणजे १२ हे तारेवरून ताडून घ्या. जुन्या वाड्यात अर्थिंग नसेल तर पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. अर्थिंग करून घेतल्याशिवाय मशिन सुरू करू नये.

कार्डाची उणीव एकच म्हणावी लागेल: ते पीसीच्याच पद्धतीच्या डिस्क वाचतं. जुन्या मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या डिस्क, अमिगाच्या डिस्क त्याच्या कक्षेत नाहीत, आणि खराब झालेल्या ट्रॅकवर पुन्हा पुन्हा वाचून पाहण्यापलीकडे ते जाऊ शकत नाही. एखाद्या सोसायटीच्या जुन्या खतावण्या फक्त वाचवायच्या असतील, तर किअर फ्रेझर यांचं ग्रीजविझल हे यूएसबीवर चालणारं छोटं बोर्ड घ्या. ते डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतं, अर्थ नंतर लावता येतो. आणि त्या डिस्क मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नका. भुसावळच्या उन्हात सव्वापाच इंची पाकीट वाकतं, आतली चकती त्याला घासायला लागते, मग कुठलंच कार्ड उपयोगी पडत नाही.