विकतचा अँटिव्हायरस काढून नुसत्या डिफेंडरवर नऊ महिने : वापरानंतरचा अनुभव

विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपायला दीड महिना असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात लाल पट्ट्या सुरू झाल्या, 'तुमचा संगणक धोक्यात आहे' म्हणून. संगणकाला काहीही झालेलं नव्हतं, फक्त वर्गणी संपत आली होती. सुरक्षेसाठी घेतलेलं सॉफ्टवेअरच पैशांसाठी अशी भीती घालायला लागलं, की खरा इशारा आला तरी माणूस तो न वाचता बंद करतो. याची चीड आलीच, शिवाय नूतनीकरणाची रक्कम पहिल्या वर्षापेक्षा चढी. विंडोजसोबत डिफेंडर हे अँटिव्हायरस सॉफ्टवेअर आयतं मिळत असताना वर्षाकाठी हा खर्च का करायचा, म्हणून ते काढलं. आता नऊ महिने झाले. घरच्या वापराला डिफेंडर पुरतं. मात्र आलं तसं ठेवलं तर त्याची निम्मी ताकद वापरलीच जात नाही.

आधी काढण्याबद्दल, कारण बरेच जण इथेच फसतात. विंडोजमध्ये दुसरा अँटिव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर आपोआप बाजूला होतं. दोघांनी एकाच वेळी प्रत्येक फाइल उघडून तपासायला घेतली तर संगणक अडखळतो, म्हणून ही व्यवस्था आहे. पण जुना अँटिव्हायरस नुसता अनइन्स्टॉल केला की त्याचे ड्रायव्हर आणि नोंदी कधीकधी मागे राहतात, आणि विंडोजला वाटत राहतं की तो अजून पहाऱ्यावर आहे. मग दोघांपैकी कोणीच काम करत नाही. त्यामुळे अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, मग त्या कंपनीच्याच साइटवरचं रिमूव्हल टूल, पुन्हा रीस्टार्ट, असा क्रम धरावा. शेवटी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'सेटिंग्ज'मध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' बघायचं. अँटिव्हायरसखाली डिफेंडरचं नाव आणि ते चालू असल्याची नोंद दिसली की झालं. खात्री हवी असेल तर आयकार (EICAR) ही चाचणी-फाइल वापरा. ६८ अक्षरांची ती एक ओळ आहे, पूर्णपणे निरुपद्रवी, पण सगळ्या अँटिव्हायरसांनी ती व्हायरस म्हणून पकडायची असं ठरलेलं आहे. नोटपॅडमध्ये सेव्ह केल्याबरोबर डिफेंडरने ती उचलली नाही, तर पहारा बंद आहे असं समजा.

डिफेंडरची जुनी बदनामी अजून पुसली गेलेली नाही. विंडोज व्हिस्टाच्या काळात ते फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम, शोधायचं, व्हायरस नाही. पूर्ण अँटिव्हायरस झालं ते २०१२ मध्ये, विंडोज ८ सोबत. तेव्हाचे सल्ले आजच्या डिफेंडरला लावण्यात अर्थ नाही.

आता ज्या सोयीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ती : 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. विंडोज १० मध्ये ही २०१७ साली आली आणि मुळात बंद असते. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या पानावर अगदी तळाशी 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' आहे, त्यात हिचा खटका सापडतो. काम सोपं आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक अशा ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला काहीही लिहू, बदलू किंवा पुसू द्यायचं नाही. रॅन्समवेअर म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस. त्याचा सगळा धंदाच फाइली उघडून त्या कुलूपबंद स्वरूपात परत लिहिण्यावर चालतो. ते लिहिणंच अडलं की व्हायरस ओळखीचा असो वा कालच जन्माला आलेला, फोटो जागेवर राहतात. ओळखीच्या व्हायरसांच्या यादीतल्या खुणा जुळण्याची वाट बघावी लागत नाही, यातच हिची खरी किंमत आहे.

दोन गोष्टी लगेच करायच्या. फोटो आणि कागदपत्रं बऱ्याच जणांकडे दुसऱ्या ड्राइव्हवर असतात आणि तो ड्राइव्ह या संरक्षणात आपोआप येत नाही. 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये जाऊन ते फोल्डर हाताने जोडावे लागतात. वरचा फोल्डर जोडला की आतले सगळे येतात. दुसरं म्हणजे, हे सगळं डिफेंडरचं तत्काळ संरक्षण चालू असेल तरच चालतं. उद्या दुसरा अँटिव्हायरस टाकला तर ही सोयही मुकाट्याने बंद पडते.

त्रास सुरू होतो तो चांगले प्रोग्राम अडायला लागल्यावर. प्रसिद्ध आणि सर्रास वापरले जाणारे प्रोग्राम ही सोय आपणहून ओळखते. पण स्कॅनरचं जुनं सॉफ्टवेअर, छोटे फोटो-एडिटर, गेमच्या सेव्ह-फाइली, हिशोबाचे प्रोग्राम हे अडकतात. आणि अडकले की ते प्रोग्राम सांगतात काय? 'फाइल सापडली नाही, नाव तपासून पुन्हा प्रयत्न करा.' फाइल तर नव्याने सेव्ह करायची असते, ती सापडणार कशी! खरं कारण इतकंच, की विंडोजने लिहायला नकार दिला आणि त्या प्रोग्रामला तो नकार नीट वाचता आला नाही. उजव्या कोपऱ्यात डिफेंडरची सूचना येऊन जाते, पण नजर तेव्हा संदेशाच्या चौकटीवर असते. मग लोक डिस्क तपासतात, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करतात, आणि शेवटी हे उमगलंच तर वैतागून सगळी सोयच बंद करून टाकतात. फार वाईट वाटतं, कारण उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे.

त्याच पानावर 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' उघडा, 'अ‍ॅड अ‍ॅन अलाउड अ‍ॅप' दाबा आणि 'रीसेंटली ब्लॉक्ड अ‍ॅप्स' निवडा. नुकताच अडवलेला प्रोग्राम यादीत दिसतो. त्याच्यापुढचं अधिकचं चिन्ह दाबलं की परवानगी मिळाली. यानंतरची पायरी बहुतेकांकडून सुटते : तो प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला हवा. परवानगी प्रोग्राम नव्याने सुरू होतानाच लागू होते, आधीपासून उघडा असलेला तसाच अडत राहतो. परवानगी त्या प्रोग्रामच्या पत्त्याला असते हेही ध्यानात ठेवा. काही प्रोग्राम प्रत्येक अपडेटला आवृत्तीच्या आकड्याचं नवं फोल्डर करतात. त्यांचा पत्ता बदलला की परवानगी गेली. पहिल्या दोन आठवड्यांत अशी डझनभर अडवणूक होते, मग क्वचित. पायथनसारखा, कुठलीही स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवणारा प्रोग्राम मात्र या यादीत कधीही घालू नका. त्याला वाट दिली की त्याच्या आडून येणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला वाट मिळते.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत असं होतं, की ही एक सोय चालू केली की घरच्या संगणकाची काळजी मिटली. हे मत बदलावं लागलं. ही सोय लिहिणं अडवते, वाचणं अडवत नाही. तुमच्या फोल्डरातली फाइल वाचून बाहेर पाठवणाऱ्या स्पायवेअरला तिच्याकडून काहीच आडकाठी नाही. आणि आजच्या स्पायवेअरला तर तुमच्या फोल्डरांत फारसा रसही नसतो. त्याला हवा असतो ब्राउझर.

इन्फोस्टीलर म्हणतात तो हा प्रकार. तो चालू झाला की ब्राउझरने साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) गोळा करतो, बाहेर पाठवतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसूनही टाकतो. दुसऱ्या दिवशी केलेल्या स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. साठवलेले पासवर्ड कूटबद्ध असतात हे खरं, पण तुमच्याच खात्यात चालणाऱ्या प्रोग्रामला ती किल्ली मिळवण्याच्या वाटा सापडत आल्या आहेत. लॉगिन झालेल्या सत्राची कुकी चोरीला गेली तर चोराला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही, कारण साइटच्या दृष्टीने ते दोन्ही आधीच देऊन झालेलं असतं. संशय आला तर पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात. आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' दाबल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नका.

हे आत येतं कुठून? बहुतेक वेळा आपणच दार उघडतो. फुकटात मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरची झिप फाइल पासवर्ड लावलेली असते आणि पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो. कधी विचार केलात, सगळ्यांना सांगायचाच असेल तर पासवर्ड लावलाच कशाला? स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून. सोबत सूचना असते, 'अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून पकडतो.' तो चुकून पकडत नाही. दुसरी वाट २०२४ पासून पसरली : 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' अशी चौकट येते आणि विंडोजची किल्ली व आर, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर दाबायला सांगते. पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर आधीच एक आज्ञा टाकून ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. खरा कॅपचा ब्राउझरच्या बाहेरचं काहीही दाबायला सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे एक वाक्य सांगाच.

लोक ज्याला 'व्हायरस आला' म्हणतात त्यातला मोठा भाग तर व्हायरस नसतोच. कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी 'पाच व्हायरस सापडले' असं येतं, आणि डिफेंडर, नंतर आणखी एखादा स्कॅनर, सगळं स्वच्छ सांगतात. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाउ' दाबलेलं असतं आणि हे इशारे म्हणजे त्या साइटने ब्राउझरमधून पाठवलेल्या सूचना असतात. संगणकात फाइलच नाही, तर स्कॅनर पकडणार काय? ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', तिथल्या अनोळखी साइट काढून टाका आणि नव्या साइटना विचारण्याचीच मुभा बंद करा. तिथेच एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रामही बघा. 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी असलेलं एक्स्टेन्शन बँकेचं पानही वाचू शकतं. रोज लागत नसेल तर काढा, लागत असेल तर क्रोममध्ये त्याच्या तपशिलात 'साइट अ‍ॅक्सेस' हे 'ऑन क्लिक'वर ठेवा.

डिफेंडरमधली आणखी दोन ठिकाणं पाहून घ्या. 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे, त्यात 'पोटेन्शिअली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू हवं. फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येणारे टूलबार आणि खोटे 'स्पीड वाढवणारे' प्रोग्राम यात अडतात. आणि 'एक्सक्लूजन्स' ही यादी. त्यात घातलेल्या जागा डिफेंडर तपासत नाही. घरच्या संगणकावर ती रिकामीच असायला हवी. तिथे तुम्ही न घातलेलं फोल्डर, किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर कुणीतरी आत येऊन गेल्याची शंका घ्या, कारण बरेच व्हायरस आत शिरल्यावर आधी स्वतःची जागाच या यादीत घालतात. अशा वेळी ती नोंद काढून 'ऑफलाइन स्कॅन' लावा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्यांना तिथे लपता येत नाही. रोजच्यासाठी मात्र 'क्विक स्कॅन' पुरे. दर आठवड्याला 'फुल स्कॅन' लावून जुनी हार्डडिस्क तासन्‌तास घासण्यात फायदा नाही, कारण फाइल उघडताना ती तपासली जातेच.

विंडोज १० वाल्यांसाठी : त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या त्यानंतरही येत राहतात, म्हणून सगळं हिरवं दिसतं. पण वाढीव सुरक्षा-अपडेट घेतलेले नसतील तर विंडोजमधली भोकं बुजवली जात नाहीत. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवा. त्याने वापरलेलं भोक बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं होतं आणि हल्ला झाला १२ मे ला. दोन महिने हातात असूनही ज्यांनी अपडेट टाकलं नाही त्यांना फटका बसला.

वाचलेली वर्गणी मी एका बाहेरच्या हार्डडिस्कवर खर्च केली. आठवड्यातून एकदा ती जोडायची, कॉपी पूर्ण झाली की 'इजेक्ट' करून केबल काढायची. जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला तितकीच हाताशी असते जितका सी ड्राइव्ह. त्या डिस्कवरचे फोल्डर 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये जोडले असतील, तर बॅकअपच्या प्रोग्रामला कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेसमध्ये परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर तोही 'फाइल सापडली नाही' म्हणेल.