डिग्री व्हील किट : चकती खरी, तार कुचकामी

वडिलांच्या जुन्या गाडीचं इंजिन बांधायला घेतलं तेव्हा टायमिंग गिअरची, म्हणजे क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ राखणाऱ्या दातेरी चाकांची, नवी जोडी आणली. क्रँकच्या गिअरला 20 दात, कॅमच्या गिअरला 40. दोन्हींवर जुळणीची खूण म्हणून ठिपका असतो; ठिपक्याला ठिपका भिडवून दोन्ही बसवले. क्रँक किती अंश फिरला ते मोजायचं हे किट मागवलं ते निव्वळ हौसेनं.

डब्यात अंशांच्या खुणा असलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती, काट्यासाठी तार आणि प्लगच्या भोकात बसणारा पिस्टन स्टॉप. स्टॉप झकास आहे. पिस्टन पार वर पोचला की क्रँक अंश-दोन अंश फिरला तरी तो हलल्याचं कळत नाही, म्हणून नुसत्या नजरेनं टीडीसी (पिस्टन अगदी वर असतानाची क्रँकची स्थिती) सापडत नाही. स्टॉप लावायचा, क्रँक हातानं हळूच फिरवून पिस्टन टेकवायचा, आकडा लिहायचा. मग उलट फिरवून पुन्हा. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. (स्टॉप आत असताना स्टार्टरला हात लावायचा नाही!)

मग टॅपेटवर (कॅमनं उचलला जाऊन व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावलं. मॅन्युअलप्रमाणे इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या 12 अंश आधी उघडायला हवा. माझा 6 अंश नंतर उघडत होता. आपलंच चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं. आणि एकदम लक्षात आलं, फरक 18 अंशांचा. 360 भागिले 20 म्हणजेही 18. नेमका एक दात! जुना फायबरचा कॅम गिअर टाकला नव्हता, हे नशीब. नव्यावर ठेवून चावीची (गिअर दांड्यावर पक्का धरणाऱ्या पट्टीची) खाच जुळवली, तर नव्याचा ठिपका शेजारच्या दातावर ठोकलेला. एक दात सरकवला, काटा 12 वर.

आता तक्रारी. चकतीचं भोक बोल्टपेक्षा मोठं आहे, वॉशर रचून ती मधोमध आणावी लागली. एका अंगाला बसली तर आकडे खोटे. तार इतकी मऊ की शर्टाची बाही लागली तरी वाकते. मी वेल्डिंग रॉडचा काटा केला. शिवाय माहितीपत्रकात गिअरच्या प्लेबद्दल, म्हणजे दातांमधल्या ढिलाईबद्दल, चकार शब्द नाही. त्या ढिलाईमुळे व्हॉल्व्ह मोजताना क्रँक चालत्या दिशेनंच आणायचा. पुढे गेला तर पाव फेरी मागे नेऊन परत आणायचा.

चुकीच्या ठिपक्यावर कानस फिरवून योग्य दातावर पंचनं नवा ठोकलाय. किटला पाचपैकी चार तारे. एक कापला तो तारेपायी.