ईपोल की केक्यू? दोन हजार मीटरांच्या सर्व्हरसाठी कर्नल निवडताना

नागपूरजवळचं हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, कारखान्याचं शेड कुठलंही असो, मांडणी साधारण सारखीच. मीटरजवळ एक पेटी, पेटीत फोरजी राउटर, आणि शहरात एक सर्व्हर, जो दोन-अडीच हजार टीसीपी जोडण्या दिवसरात्र धरून बसतो. प्रत्येक जोडणीवरून दर मिनिटाला मॉडबसचा (मीटर वाचायच्या प्रोटोकॉलचा) एखादा संदेश, जास्तीत जास्त २६० बाइटचा. प्रोसेसरला हे काम म्हणजे काहीच नाही. म्हणून सेकंदाला किती इव्हेंट हाताळले याचे तक्ते बघून लिनक्स की फ्रीबीएसडी हे ठरवू नका; कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, आणि या आकाराला दोन्ही कर्नल निवांत पडून असतात. कुठल्या जोडणीवर काही आलं ते लिनक्समध्ये ईपोल सांगतो, फ्रीबीएसडीत केक्यू. ठरवायचं ते बिघाडावरून. वीज गेली, राउटर तापून बंद पडला (मे महिन्यात पत्र्याखाली ते व्हायचंच), जोडणी अर्धवट तुटली (समोरचा गेला, पण सर्व्हरला पत्ता नाही), की कर्नल तुमच्याशी कसा वागतो ते बघा.

अर्धवट तुटलेल्या जोडणीबद्दल दोघंही सारखेच आळशी आहेत. कीपअलाइव्हची, म्हणजे 'जिवंत आहेस का' अशी, पहिली चौकशी डिफॉल्टने ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. फ्रीबीएसडीत ती सगळ्या टीसीपी जोडण्यांवर आपोआप चालू असते, लिनक्समध्ये प्रत्येक सॉकेटवर (प्रोग्रामच्या हातातलं जोडणीचं टोक) मागून घ्यावी लागते. दोन्हीकडे सॉकेटपुरते आकडे बदलता येतात: ६० सेकंद शांतता, मग १० सेकंदांच्या अंतराने ३ चौकश्या. दीड मिनिटात मेलेली जोडणी कळते. हे आधी करून घ्या, बाकीचं नंतर.

आता मूळ मुद्दा. केक्यू आला २००० साली, फ्रीबीएसडी ४.१ मध्ये, जोनाथन लेमन यांच्या हातून. ईपोल २००२ मध्ये दाविदे लिबेन्झी यांनी लिनक्सच्या २.५ मालिकेत आणला. कल्पना एकच: हजारो डिस्क्रिप्टरची (उघड्या जोडण्यांच्या नंबरांची) यादी दर वेळी कर्नलला वाचून दाखवायची नाही, एकदा नोंदवायची आणि जे जागे झाले तेवढेच परत घ्यायचे. रोजच्या वापरातले फरक भराभर सांगतो. केक्यूत एकाच केइव्हेंट कॉलमध्ये बदलांची यादी देता येते आणि आलेले इव्हेंटही घेता येतात. ईपोलमध्ये प्रत्येक नोंदणीला वेगळा सिस्टम कॉल. केक्यू वाचनाच्या इव्हेंटबरोबर किती बाइट थांबलेत तो आकडा देतो, आणि लिसन सॉकेटवर (जिथे नव्या जोडण्या येतात) रांगेत किती जोडण्या आहेत तेही सांगतो. ईपोल फक्त 'तयार आहे' एवढंच. टायमर, सिग्नल, चाइल्ड प्रोसेसचा शेवट हे केक्यूत एकाच दारातून येतात. लिनक्समध्ये त्यासाठी टायमरएफडी, सिग्नलएफडी, पिडएफडी असे वेगळे डिस्क्रिप्टर उघडून ईपोलमध्ये घालावे लागतात. हे चालतं, तक्रार नाही. लिबइव्हेंट किंवा लिबयूव्ही या तयार लायब्ररी वापरणाऱ्याला तर यातलं निम्मं दिसतही नाही.

दिसतं ते पुढचं, आणि माझा काटा तिथेच कलला.

डिस्क्रिप्टर हा नुसता टोकन नंबर. त्यामागे कर्नलमध्ये खरी वस्तू असते ती स्ट्रक्ट फाइल. एकाच स्ट्रक्ट फाइलकडे दोन-तीन नंबर बोट दाखवू शकतात, डुप (नंबराची प्रत) केल्यावर किंवा फोर्क (अख्ख्या प्रोसेसची प्रत) केल्यावर. ईपोल नोंद ठेवतो ती या दोन्हींच्या जोडीवर, आणि ती नोंद आपोआप पुसली जाते ती स्ट्रक्ट फाइलकडे बोट दाखवणारा शेवटचा नंबर बंद झाल्यावरच. तुम्ही १३ नंबर क्लोज केला म्हणून नाही.

आपल्या सर्व्हरवर हे घडतं कसं ते बघा. रोज रात्री अहवाल बनवायला मुख्य प्रोसेस एक स्क्रिप्ट चालवते, म्हणजे फोर्क आणि एक्झेक (त्या प्रतीत नवा प्रोग्राम चढवणं). सॉकेटवर क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेकच्या वेळी आपोआप बंद हो) लावलेलं नसेल तर स्क्रिप्टकडे सगळ्या उघड्या जोडण्यांच्या प्रती जातात. तेवढ्यात मुख्य प्रोसेसने १३ नंबरची जोडणी बंद केली. प्रत स्क्रिप्टकडे असल्यामुळे सॉकेट जिवंतच राहतं, समोरच्या राउटरला फिन (जोडणी संपल्याची खूण) जात नाही, आणि तो बिचारा पुढचा संदेश पाठवतो. ईपोल वेट लगेच उठतो: '१३ वर डेटा आहे.' तुम्ही १३ वाचायला जाता, तर असा डिस्क्रिप्टरच नाही. नोंद काढायला जाता, पुन्हा तेच उत्तर. डेटा कोणी वाचत नाही, लेव्हल-ट्रिगर्ड (डेटा आहे तोवर उठवत राहणारी) नोंद तशीच पेटलेली, लूप अखंड फिरतो आणि एक कोर १०० टक्क्यांवर.

याहून वाईट म्हणजे दरम्यान नवी जोडणी येऊन तिला तोच १३ नंबर मिळणं. स्ट्रक्ट फाइल वेगळी, त्यामुळे ईपोल ती बिनतक्रार नोंदवतो. आता एकाच नंबराच्या दोन नोंदी. भूत, म्हणजे जुनी नोंद, ओरडतं, तुम्ही नव्या सॉकेटवरून वाचता, मिळतं 'पुन्हा प्रयत्न करा'. वैतागून १३ ची नोंद काढली तर निघते ती नव्या, निरपराध जोडणीची. भूत जागच्या जागी. लॉगमध्ये एवढंच दिसतं की अमुक मीटर अचानक गप्प झाला, आणि तंत्रज्ञ स्कूटर काढून बुटीबोरीला जातो.

शोधायची युक्ती आहे. प्रॉक फाइल सिस्टममध्ये त्या प्रोसेसच्या एफडीइन्फो फोल्डरात ईपोलच्या नंबराची फाइल वाचा. प्रत्येक नोंदीची एक ओळ 'टीएफडी' या शब्दाने सुरू होते. तोच नंबर दोनदा दिसला, किंवा शेजारच्या एफडी फोल्डरात नसलेला नंबर तिथे दिसला, की भूत सापडलं. घालवायचे उपायही आहेत: अ‍ॅक्सेप्टऐवजी अ‍ॅक्सेप्ट४ वापरून जोडणी स्वीकारतानाच क्लोज-ऑन-एक्झेक लावणं, आणि प्रत्येक क्लोजच्या आधी न चुकता नोंद काढणं. पण एक्झेक न करता नुसतं फोर्क करून कामगार प्रोसेस चालवत असाल तर पहिला उपाय लागूच होत नाही. आणि सॉकेट तुमच्याऐवजी एखाद्या टीएलएस किंवा डेटाबेसच्या लायब्ररीने आतल्या आत बंद केलं तर दुसराही गेला. मग उरतो एकच मार्ग: अख्खा ईपोल बंद करून नवा उघडायचा आणि दोन हजार नोंदी पुन्हा करायच्या. हे मॅन पेजमध्ये नीट लिहिलेलं आहे, म्हणजे बग म्हणून कोणी दुरुस्त करील अशी आशा ठेवू नका.

केक्यू नोंद धरतो ती डिस्क्रिप्टरच्या नंबरावर. तुमच्या प्रोसेसने तो नंबर बंद केला की त्याच्या सगळ्या नोंदी तिथल्या तिथे पुसल्या जातात, प्रत कोणाकडे असो वा नसो. स्क्रिप्टने धरून ठेवलेलं सॉकेट फ्रीबीएसडीतही उघडंच राहतं, गळती तिथेही आहे. सॉकस्टॅट चालवलं की कोणाच्या हातात आहे ते दिसतं. पण ती गळती तुमचा लूप पेटवत नाही. फरक एवढाच, आणि माझ्या अनुभवात रात्री अडीचचे फोन याच फरकामुळे थांबतात.

केक्यूचे स्वतःचे नखरे आहेतच. फोर्क केल्यावर चाइल्ड प्रोसेसला केक्यू मिळत नाही. आधी केक्यू उघडून मग डीमन (पार्श्वभूमीत चालणारी प्रोसेस) झालात तर पहिल्याच कॉलला 'चुकीचा डिस्क्रिप्टर' असं उत्तर येतं. क्रम उलटा करा, काम झालं. बदलांच्या यादीत एखादी नोंद चुकली आणि उत्तरांच्या यादीत जागा नसली तर कॉल तिथेच थांबतो आणि पुढच्या नोंदी लागतच नाहीत. फोल्डरावर नजर ठेवायची तर आतल्या प्रत्येक फाइलसाठी एक उघडा डिस्क्रिप्टर खर्च होतो. इथे लिनक्सचं आयनोटिफाय सरळ उजवं. आणि लिनक्सवरून कोड आणताना एक खड्डा: फ्रीबीएसडीत साध्या अ‍ॅक्सेप्टने मिळालेलं सॉकेट लिसन सॉकेटचा नॉन-ब्लॉकिंग (वाट बघत न अडकण्याचा) गुण वारशाने घेतं, लिनक्समध्ये घेत नाही. दोन्हीकडे अ‍ॅक्सेप्ट४ वापरून गुण स्वतः लिहिलात की वाद मिटतो.

मेमरीकडे वळू. नोंदणीचा खर्च विसरून जा: ६४ बिट लिनक्सवर एका ईपोल नोंदीला साधारण १६० बाइट, दोन हजारांचे सव्वातीन लाख बाइटही होत नाहीत. मेमरी खातात ती सॉकेटची बफर. लिनक्समध्ये टीसीपीचं वाचन-बफर आपोआप ६ एमबीपर्यंत (कर्नल ६.१६ पासून ३२ एमबीपर्यंत) फुगू शकतं, फ्रीबीएसडीत २ एमबीपर्यंत. मीटरच्या कामात ते फुगायचं कारण नाही, पण एखाद्या पेटीने महिनाभराचा साठा एकदम ओतला आणि तुमचा प्रोग्राम डेटाबेसपाशी अडकून बसला की फुगतं. शिवाय फ्रीबीएसडीत आलेला छोटा संदेशही बहुधा २०४८ बाइटच्या क्लस्टरमध्येच (ठरलेल्या मापाच्या मेमरीच्या तुकड्यात) बसतो, म्हणजे २६० बाइटसाठी खोली मोठी.

क्लस्टर संपले की फ्रीबीएसडी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) स्पष्ट लिहितो की एम्बफ क्लस्टरच्या झोनची (मेमरीच्या साठ्याची) मर्यादा गाठली, आणि वाढवायच्या सिसिटीएलचं (कर्नलच्या सेटिंगचं) नावही त्याच ओळीत देतो. व्हीएमस्टॅटला झेड लावून चालवलं की प्रत्येक झोन आपल्या नावाने दिसतो. केक्यूच्या नोंदी 'केनोट' या नावाखाली. लिनक्समध्ये स्लॅबटॉप आहे, पण तिथला स्लब हा मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर सारख्या मापाचे कॅश एकत्र करतो. त्यामुळे गळती एकाची आणि नाव दुसऱ्याचं असं होऊ शकतं. शहानिशा करायची तर बूट पॅरामीटरमध्ये स्लॅब-नोमर्ज घालून मशीन रीबूट करा आणि गळती पुन्हा व्हायची वाट बघा. आपल्या घरात चोर कोण हे बघायला आधी घर रिकामं करायचं, असला प्रकार. (स्लॅबची मूळ कल्पना जेफ बॉनविक यांची, १९९४ ची, सोलारिससाठी, दोन्ही कर्नलनी ती आपापल्या वळणाने घेतली. जुना स्लॅब लिनक्सने ६.८ मध्ये काढून टाकला, आता स्लब एकटाच.)

मेमरी खरंच संपली तर मात्र लिनक्सकडे साधनं जास्त आहेत, हे मान्य करायलाच हवं. अहवालाची स्क्रिप्ट वेगळ्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये टाका, मेमरीमॅक्स १ जीबी ठेवा, आणि मीटर वाचणाऱ्या सर्व्हिसला ओओएम स्कोअर (मेमरी संपल्यावर आधी कोणाला मारायचं ते ठरवणारा आकडा) उणे ९०० द्या. स्क्रिप्ट माजली तर स्क्रिप्टच मरते. फ्रीबीएसडीत प्रोटेक्ट कमांडने मुख्य प्रोसेस वाचवता येते, पण सर्व्हिसनिहाय मर्यादेसाठी लागणारा आरसीटीएल बूटच्या वेळी लोडर कॉन्फमध्ये चालू करावा लागतो, चालत्या मशीनवर नाही. लिनक्समध्ये मेमरीचा ताण हाही ईपोलचा इव्हेंट होतो: प्रॉकच्या प्रेशर फोल्डरातली मेमरीची फाइल उघडून त्यात 'some 150000 1000000' असं लिहिलं की एका सेकंदात १५० मिलिसेकंद कोणी मेमरीसाठी अडकलं की तुम्हाला इव्हेंट येतो. मग नवी जोडणी घेणं थोडं थांबवता येतं. फ्रीबीएसडीवर मी त्यासाठी रिकाम्या पानांचा सिसिटीएल टायमरने वाचतो. चालतं, पण ती जुगाड आहे.

ओव्हरकमिट (हातात आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करणं) बंद करण्याचा मोह दोन्हीकडे आवरा. लिनक्सवर ८ जीबी रॅम, स्वॅप शून्य आणि मोड २ केलात तर डिफॉल्ट ५० टक्क्यांच्या हिशेबाने सगळ्यांना मिळून ४ जीबीच देण्याचं वचन देता येतं, आणि मोठ्या प्रोसेसचं फोर्क अर्धी रॅम मोकळी असताना नापास होतं.

लिनक्सच्या आयओ-युरिंग या वाचन-लेखनाच्या यंत्रणेचं काय, असं कोणी विचारेलच. लिनक्स ५.१ पासून ते आहे, डिस्कच्या कामाला उत्तम आहे. पण सुरक्षेच्या कारणाने ते बंद करायची सोय कर्नलमध्येच (६.६ पासून सिसिटीएलने) द्यावी लागली, आणि मिनिटाला दोन हजार छोट्या संदेशांना त्याची गरज नाही.

पेटीच्या बाजूला, राउटरमध्ये आणि छोट्या बोर्डवर, लिनक्सच ठेवा. फोरजी मोडेमचे ड्रायव्हर तिथे आहेत, आणि नागपुरात तो बोर्ड उघडणारा माणूसही लिनक्सच शिकलेला असतो. शहरातल्या सर्व्हरसाठी, जिथे तीच प्रोसेस वर्षभर न थांबता चालायची आहे, माझा कल फ्रीबीएसडीकडे. तुमच्या टीममध्ये एकानेही ते कधी हाताळलेलं नसेल तर मात्र लिनक्सवर राहा आणि प्रत्येक क्लोजआधी नोंद काढायची शिस्त कोड रिव्ह्यूमध्ये घाला.

पटत नसेल तर वीस ओळींची चाचणी करा. पाइप उघडा, वाचायचं टोक ईपोलमध्ये नोंदवा, त्याचं डुप करा, मूळ नंबर क्लोज करा, लिहायच्या टोकात एक बाइट टाका आणि एक सेकंदाच्या मुदतीने ईपोल वेट बोलवा. बंद केलेल्या नंबराचा इव्हेंट तत्काळ हातात येईल. तेच फ्रीबीएसडीवर केक्यूने करा: सेकंद पूर्ण होईल आणि कॉल शून्य परत करील.