निवृत्तीनंतरचं घर पुण्यात, मुंबईत की कोकणात? घरपट्टीच्या बाजूने तुलना

निवृत्तीनंतरचं घर बघायला निघालेली माणसं चौरस फुटाचा भाव विचारतात, लिफ्ट विचारतात, जवळ दवाखाना आहे का विचारतात. घरपट्टीचं कुणी विचारलंच तर एजंट "किरकोळ आहे हो" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. आजच्या बिलापुरतं त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरंही असतं. पण साठीत घेतलेल्या घरात वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात, आणि तेवढ्या काळात घरपट्टी कोण आकारणार, कशावर आकारणार, हे बदलू शकतं. सरकारी पेन्शनवाल्याला निदान महागाई भत्ता आहे. ईपीएस-९५ वाल्याची (म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफशी जोडलेल्या योजनेतली) किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. त्याने तर हा हिशेब आधीच करून ठेवावा.

आणखी एक. "ज्येष्ठ नागरिकांना सूट असेलच की" हे गृहीत धरू नका. महाराष्ट्रात निव्वळ वयावर राज्यभर लागू असलेली घरपट्टीची सवलत नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना मात्र एका घरापुरती माफी मिळते. तुम्ही त्यात बसत असाल तर पुढचं बरंचसं वाचलं नाही तरी चालेल.

मुंबई: पाचशे फुटांची रेघ

सगळ्यात महाग शहरात घरपट्टी शून्य असू शकते, ही गंमतच आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मुलुंडचा किंवा बोरिवलीचा जुना वन-बीएचके विकून "स्वस्तात" बाहेर जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. तुम्ही शून्यावरून निघताय, त्यामुळे नव्या जागेची घरपट्टी कितीही कमी असली तरी ती वाढच आहे.

पाचशेच्या वर गेलात की मुंबईचा हिशेब कडक आहे. इथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला त्या भागातल्या जागेचा) दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचं वय धरून घराची किंमत काढायची आणि तिच्यावर कर. इमारत जुनी असेल तर वयाचा फायदा मिळतो. सोसायटी पुनर्विकासाला गेली की तो फायदा संपतो, कारण इमारत नवी कोरी होते. शिवाय विकासक खूश करायला शंभर फूट वाढवून देतो, ४५० चं घर ५५० चं होतं आणि माफीही जाते. पुनर्विकासाच्या बैठकीत कॉर्पस फंडावर (विकासक सभासदांना देतो त्या एकरकमी पैशांवर) तासभर भांडण होतं. नव्या घराची घरपट्टी किती येईल, हे कुणी विचारताना दिसत नाही. सत्तरीतल्या सभासदाने तरी ते इतिवृत्तात नोंदवून विचारावं.

ही माफी मुंबई महापालिकेची आहे. कल्याण-डोंबिवलीला किंवा वसई-विरारला घर बघत असाल तर ती तिथे तशीच मिळेल असं समजू नका.

पुणे, जुनी हद्द

पुण्यात कर भांडवली मूल्यावर लागत नाही, वार्षिक करपात्र रकमेवर लागतो. घर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल, त्याचा महापालिकेने ठरवलेला दर धरून ती रक्कम काढतात. हा दर इमारतीची पहिली आकारणी झाली तेव्हाचा असतो. म्हणून सदाशिव पेठेतल्या किंवा कर्वेनगरातल्या जुन्या फ्लॅटची घरपट्टी आणि खराडीतल्या तेवढ्याच नव्या फ्लॅटची घरपट्टी यांत मोठी तफावत दिसते. जुना फ्लॅट विकत घेतलात तरी फक्त नाव बदलतं, आकारणी तीच राहते. माझ्या मते निवृत्त माणसाने पुण्यात रीसेलचाच फ्लॅट बघावा, त्याला हे एक भक्कम कारण आहे. लिफ्ट नसली तर अर्थात सगळंच मुसळ केरात.

दुसरा मुद्दा ४० टक्के सवलतीचा. मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट ही पुण्याची १९७० पासूनची पद्धत. मधली काही वर्षं ती गेली होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा दिली. ढोबळ मानाने १०,००० चं बिल ६,००० वर येतं, म्हणजे थोडीथोडकी रक्कम नाही. मात्र ती आपोआप लागतेच असं नाही. घर नावावर झालं की पहिल्याच बिलावर सवलत दिसते का ते पाहायचं. दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरायचा, सोबत तुम्ही तिथेच राहता याचे पुरावे: सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड वगैरे. वर्षातले सहा महिने अमेरिकेत मुलीकडे जाणार असाल आणि तेवढ्यात फ्लॅट भाड्याने देण्याचा विचार असेल, तर ही सवलत जाऊ शकते, हे भाड्याच्या हिशेबात धरा.

पुण्याचं बिल एकदा सावकाश वाचण्यासारखं असतं. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, जललाभ कर, मलनिस्सारण कर, वृक्ष कर, रस्ता कर, पाणीपट्टी, वर राज्य सरकारचा शिक्षण कर. यादी लांबलचक दिसते, पण पाणी, ड्रेनेज आणि कचरा हे सगळं त्यात आलेलं असतं. पुढच्या तुलनेत हेच महत्त्वाचं ठरतं. वर्षाच्या सुरुवातीला मुदतीत भरलं तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते. राहिलं तर महिन्याला २ टक्के शास्ती. मुलं परदेशात असतील तर ऑनलाइन भरण्याचं काम त्यांच्याकडे सोपवून टाका.

पुण्याची नवी हद्द: इथे सगळ्यात जास्त जपा

"शहराजवळ, पण घरपट्टी गावची" ही जाहिरात ज्या पट्ट्यात चालते, तिथेच फसगत होते. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. उंड्री, धायरी, शिवणे पहिल्या खेपेत; वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे दुसऱ्या. गाव हद्दीत आलं की पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने कर, आणि पुढे दर वर्षी २० टक्क्यांच्या टप्प्याने महापालिकेच्या दरापर्यंत चढण. रहिवासी चिडले, कारण बिल शहराचं आणि पाणी टँकरचं. २०२४ मध्ये राज्य सरकारने या गावांतल्या वसुलीला स्थगिती दिली. त्याच वर्षी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत एकाच घराने ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद असे तीन मालक पाहिले!

विकणारा स्थगितीच्या काळातली पावती दाखवून "बघा, एवढीच आहे" म्हणेल. स्थगिती उठली की मागची रक्कम कुणाच्या माथी येणार, हे खरेदीखताआधी विचारायचं. घरपट्टीचा बोजा मालमत्तेवर असतो, तो विकणाऱ्याबरोबर निघून जात नाही. आणि घरपट्टी कमी आहे म्हणून आनंद मानण्याआधी सोसायटीच्या मासिक हिशेबात टँकरचा रकाना बघा. उन्हाळ्यातले तीन महिने वेगळे काढून बघा.

पिंपरी-चिंचवड बाजूला जुनं स्वतंत्र घर घेत असाल तर बांधकामाची परवानगी तपासा. अनधिकृत बांधकामांवर तिथे अनेक वर्षं शास्तीकर (दंडाचा जादा कर) होता; २०२३ मध्ये तो माफ झाला, पण त्यामुळे बांधकाम अधिकृत झालं नाही.

कोकण: घरपट्टी हलकी, बाकीचं जड

गुहागर, दापोली, देवगडच्या बाजूला आंब्याची चार कलमं आणि कौलारू घर, हे स्वप्न फार जणांचं असतं. घरपट्टीच्या बाबतीत ते स्वस्त आहे, यात वाद नाही. २०१५ च्या डिसेंबरातल्या नियमबदलानंतर ग्रामपंचायतीसुद्धा भांडवली मूल्यावरच कर घेतात, पण दर अगदी बारीक. आरसीसी घराला दर हजारी १ रुपया २० पैसे ते २ रुपये. म्हणजे २५ लाख मूल्य धरलं तर वर्षाला ३,००० ते ५,०००. घर जुनं असेल तर घसारा वजा होऊन आणखी कमी. वर दिवाबत्ती, आरोग्य कर, नळ असेल तर पाणीपट्टी. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा यादी पंचायतीत लागते आणि हरकत घेता येते. मुंबईत राहून हरकतीची मुदत चुकते. गावात राहणाऱ्याची चुकत नाही.

पण इथेही हद्द स्थिर नाही. कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग ही तालुक्याची गावं २०१५ च्या आसपास नगरपंचायती झाली. दवाखाना, बँक, बाजार हवा म्हणून तुम्ही तालुक्याच्या गावालाच घर बघणार, आणि बदल आधी तिथेच होतो. आतल्या वाडीत कर कमी राहील, पण रात्री छातीत दुखलं तर चिपळूण किंवा डेरवण गाठायला गाडी लागेल. वर्षाला घरपट्टीत वाचलेले पाच-सहा हजार अशा एक-दोन फेऱ्यांत जातात. जोडीतलं एक जण गाडी चालवत असेल तोवर वाडी ठीक. त्यानंतर मी तरी तालुक्याच्या गावाच्याच बाजूने कौल देईन, घरपट्टी दुप्पट पडली तरी.

कोकणातलं घर घेताना नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा) उतारा नीट बघा. त्यावर आजोबांचं नाव, इतर पाच वारसांची नावं आणि घर मात्र एकटा चुलत भाऊ विकतोय, असं सर्रास असतं. घरपट्टी त्याने भरली म्हणून मालकी त्याची होत नाही. जागा बिनशेती असेल तर बिनशेती कराची जुनी थकबाकी तलाठ्याकडे वेगळी विचारावी लागते, पंचायतीचा दाखला तिथे कामाचा नाही.

गोव्यातही पंचायतीची घरपट्टी अशीच हलकी. तिथे चिंता कराची नसून कागदाची आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याच्या जमीन नोंदीवर) मुंडकार (मालकाच्या जागेत घर करून राहणारा, कायद्याचं संरक्षण असलेला) किंवा कूळ लागलेलं आहे का, हे वकिलाकडून पाहून घेतल्याशिवाय विसार देऊ नका. आणि सोबत बागायतीचा तुकडा हवा असेल तर २०२३ च्या कायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेणं अवघड केलं आहे.

जुनं घर विकायचं की ठेवायचं?

बरेच जण दोन्ही ठेवतात. प्राप्तिकरात आता स्वतःच्या वापरातल्या दोन घरांचं भाडेमूल्य शून्य धरता येतं, त्यामुळे मुंबईचा वन-बीएचके कुलूप लावून ठेवला तरी त्यावर काल्पनिक भाड्याचा कर लागत नाही. भाड्याने दिला तर भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मात्र घरपट्टी त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी आणि पावती तुमच्या नावाची हवी. मुंबईत बिल बऱ्याचदा सोसायटीच्या नावाने येतं. अशा वेळी सोसायटीकडून तुमच्या वाट्याचा दाखला मार्चअखेर घेऊन ठेवा, जुलैत रिटर्न भरताना सेक्रेटरी सापडेलच असं नाही.