टॉमकॅट घ्यावा का? बारा वर्षं रोज वापरून सांगतेय

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. आमचं काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, ऑफिसात माणसं चार, आणि २०१३ पासून आमची सगळी जावा ॲप्लिकेशन्स अपाची टॉमकॅटवरच चालतात. टॉमकॅट म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर प्रोग्राम. एक रुपया लायसन्स नाही, साधा चार जीबी रॅमचा सर्व्हर असला तरी पुरतो, आणि एकदा नीट बसवला की महिनोन् महिने त्याच्याकडे बघावं लागत नाही. प्रश्न फक्त त्या 'एकदा नीट बसवला की' चा आहे, म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः बसवण्याबद्दलच लिहितेय.

माझं म्हणणं एकच आहे. टॉमकॅट अडकला की कारण कुठेतरी लिहून ठेवतोच, पण बऱ्याचदा आपण बघतोय त्या फाइलमध्ये नाही, शेजारच्या फाइलमध्ये. हे कळायला मला पहिली तीन वर्षं गेली आणि ते कळल्यावर या सर्व्हरवर माझा जीव बसला तो आजतागायत.

मागच्या मार्चचंच घ्या. एका पतसंस्थेचा जुना सर्व्हर बदलायचा होता, नवीन व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेतला, त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स, आमच्या नवीन मुलाने ॲप्ट इन्स्टॉल करून, म्हणजे उबुंटूच्या आयत्या पॅकेजमधून टॉमकॅट टाकला, वॉर फाइल (पूर्ण ॲप बांधलेली एकच फाइल) वेबॅप्स फोल्डरमध्ये ठेवली, ब्राउझर उघडला तर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. टॉमकॅटचं स्वतःचं पान व्यवस्थित दिसतंय, 'इट वर्क्स' म्हणतोय, पण आपलं ॲप नाही. त्याने वॉर परत टाकली, रीस्टार्ट केलं, परत टाकली, सर्व्हरच रीबूट केला. इकडे पतसंस्थेतून मॅनेजर काकांचा फोन, "अहो मॅडम, काउंटरला लाईन लागलीय, पासबुकं कधी निघणार?" मार्च एन्ड म्हणजे काय असतं ते पतसंस्थेत काम केलेल्यालाच कळेल.

कॅटलिनाच्या लॉगमध्ये, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये, एवढंच होतं की वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट, म्हणजे एक किंवा जास्त लिसनर (ॲप चढताना आधी चालणारे कोडचे तुकडे) सुरू झाले नाहीत. पण त्याच ओळीत पुढे अजून एक वाक्य असतं जे घाईत कोणी वाचत नाही, की पूर्ण तपशील योग्य त्या कंटेनरच्या लॉग फाइलमध्ये बघा. ही कंटेनरची लॉग फाइल म्हणजे त्याच फोल्डरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे आजची तारीख अशा नावाची फाइल. ती उघडली आणि पहिल्याच पानावर उत्तर, नो क्लास डेफ फाउंड एरर, आणि खाली जावाएक्स सर्व्हलेट नावाचा क्लास सापडत नाही म्हणून.

आता हे का होतं ते नीट सांगते, कारण सध्या नवीन सर्व्हरवर जुनं ॲप टाकणाऱ्या बहुतेकांना हाच फटका बसतोय. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई, म्हणजे सर्व्हरवरच्या ॲपसाठीचा जावाचा भाग, इक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवायचं ठरवलं, पण जावाएक्स हे नाव पुढे नवीन बदलांसाठी वापरायची परवानगी मिळाली नाही, म्हणून सगळ्या पॅकेजची नावं जावाएक्स वरून जकार्ता अशी बदलावी लागली. टॉमकॅट ९ पर्यंत जावाएक्स, १० पासून जकार्ता. तुमचा कोड तोच, लॉजिक तेच, पण टॉमकॅट १० ला जुन्या नावाने हाक मारलेली ऐकूच येत नाही. आणि उबुंटू २४.०४ वर ॲप्टने टॉमकॅट सर्व्हर टाकायला गेलात की १० च येतो. आमच्या मुलाची काहीच चूक नव्हती, त्याने जे मिळालं ते टाकलं.

उलटं पण होतं, आणि ते जास्त वाईट. स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कमध्ये बनवलेली नवीन वॉर टॉमकॅट ९ वर टाकली तर एकही एरर येत नाही, लॉगमध्ये डिप्लॉयमेंट फिनिश्ड म्हणून ओळ येते, आणि ब्राउझरमध्ये ४०४. कारण टॉमकॅट ९ जावाएक्स नावाचं सुरुवातीचं दार शोधतो, या वॉरमध्ये ते जकार्ता नावाचं असतं, मग त्याच्या दृष्टीने आत ॲप्लिकेशन असं काही नाहीच, नुसत्या फाइली आहेत. माझा अर्ध्यातला पाव स्टार इथे गेला. लॉगमध्ये एक वॉर्निंगची ओळ जरी आली असती तरी लोकांचे तासन् तास वाचले असते.

टॉमकॅट १० वर जुनी वॉर चालवायची सोय पण आहे हं, वेबॅप्स-जावाईई नावाचं फोल्डर आपण स्वतः बनवायचं, वॉर त्यात टाकायची, तो नावं बदलून वेबॅप्समध्ये ठेवतो. मी टेस्ट मशीनवर करून बघितलंय, साध्या ॲपला छान चालतं. पण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लाइव्ह पतसंस्थेवर प्रयोग करायची माझी तयारी नव्हती. सरळ अपाचीच्या साइटवरून टॉमकॅट ९ ची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) उतरवली, ऑप्ट फोल्डरमध्ये सोडली, जावा ८ दिला, वॉर टाकली, वीस मिनिटांत पासबुकं सुरू.

तेव्हापासून ऑफिसात नियमच केलाय, ॲप्टवाला टॉमकॅट घ्यायचा नाही, टारवालाच घ्यायचा. आवृत्ती आपल्या हातात राहते हे एक कारण, दुसरं कारण त्याच्याही आधीचं आहे. दुसऱ्या एका पतसंस्थेत उबुंटू २०.०४ वर ॲप्टचा टॉमकॅट ९ होता, आणि आमचं ॲप खातेदारांच्या सह्यांचे स्कॅन एका वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करतं. सेव्ह केलं की रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. फोल्डरचा मालक टॉमकॅट युजर, परमिशन बरोबर, शेवटी वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, पण देऊन बघितलं, तरी तेच. डिस्क खराब झाली की काय म्हणून हार्डवेअरवाल्यांना फोन लावला होता. खरं कारण म्हणजे डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस फाइल टॉमकॅटला कुंपण घालून चालवते, लॉग, वेबॅप्स आणि दोन-चार ठरलेल्या जागा सोडल्या तर बाकी सगळी डिस्क त्याला फक्त वाचायला. कुंपण चांगलंच आहे, कोणी ॲपमधून घुसला तरी बाकी सर्व्हर वाचतो, पण ते आहे हे माहीत पाहिजे. सिस्टिमसीटीएल एडिट ही कमांड चालवून रीड राइट पाथ्स मध्ये आपलं फोल्डर घातलं, डेमन रीलोड, रीस्टार्ट, झालं. दोन दिवस गेले होते त्यात.

मराठीवाल्यांनी हा पुढचा भाग जपून ठेवा. टॉमकॅट ९ वर खातेदार शोधताना 'लक्ष्मीबाई' टाइप केलं की बरोबर सापडते, पण नवीन खातं भरून सेव्ह केलं की नावाच्या जागी डोक्यावर रेघ दिलेली इंग्रजी अक्षरं आणि चौकोन असा सगळा कचरा. शोधात बरोबर आणि सेव्हमध्ये चूक, हे आम्हाला कोडंच होतं. शोधाचं नाव यूआरएलमधून जातं आणि यूआरएल टॉमकॅट ८ पासून आपोआप यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत) वाचली जाते, पण फॉर्म पोस्ट केला की त्यातला मजकूर, कोणी काही सांगितलं नसेल तर, आयएसओ ८८५९-१ म्हणून वाचला जातो, म्हणजे एक बाइट एक अक्षर. देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइटचा. 'लक्ष्मीबाई' मध्ये काना, वेलांटी, पाय मोडलेली अक्षरं सगळं धरून १० कोड होतात, ते डेटाबेसमध्ये ३० अक्षरं होऊन बसतात, आणि मोठं नाव असलं की कॉलममध्ये मावत नाही म्हणून वेगळीच एरर येते, मग आपण डेटाबेसच्या मागे लागतो. मी पूर्ण आठवडा मायएसक्यूएलची सेटिंगं बदलत बसले होते, तिथे काही चुकलंच नव्हतं.

उपाय सोपा आहे. टॉमकॅटसोबतच सेट कॅरेक्टर एन्कोडिंग फिल्टर येतो, तो आपल्या ॲपच्या वेब डॉट एक्सएमएल मध्ये बाकी सगळ्या फिल्टरच्या वर लावायचा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यायचं. वरच का, तर त्याच्या आधी कोणी एकदा जरी फॉर्ममधली किंमत वाचली तर मग उशीर झालेला असतो. टॉमकॅट १० मध्ये हे आधीपासून करूनच दिलंय, हे बघून मला मनापासून आनंद झाला. उरलेला पाव स्टार ९ मधल्या या गोष्टीसाठी कापलाय, कारण ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो.

बाकी किरकोळ गोष्टी पटापट सांगते. एकाच मशीनवर दोन टॉमकॅट चालवत असाल तर ८०८० हा नेहमीचा पोर्ट बदलून भागत नाही, सर्व्हर डॉट एक्सएमएल मध्ये अगदी वर शटडाउनचा ८००५ पोर्ट असतो तो पण बदला, नाहीतर दुसरा टॉमकॅट पूर्ण सुरू होतो, ॲप पण चढतं, आणि लगेच स्वतःहून बंद होतो, बघणाऱ्याला वाटतं ॲपच क्रॅश होतंय. मोठी वॉर नेटवरून कॉपी करताना थेट वेबॅप्समध्ये करू नका, ऑटो डिप्लॉय (नवीन फाइल दिसली की आपोआप चढवणं) चालू असतं, टॉमकॅट अर्धवट आलेली फाइलच उघडायला जातो आणि झिपची एरर देतो. आमच्याकडे ९० एमबीची वॉर तालुक्याच्या नेटवरून जायची तेव्हा हे हमखास व्हायचं. आधी टेम्पमध्ये आणा आणि मग त्याच डिस्कवर मूव्ह करा. टॉमकॅटचं मॅनेजर नावाचं पान (ब्राउझरमधून ॲप चढवायचं-उतरवायचं) बाहेरच्या मशीनवरून उघडलं की ४०३, म्हणजे परवानगी नाही, येतो, पासवर्ड चुकला असं समजून लोक युजर फाइल बदलत बसतात, पण ते पान मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडायची परवानगी असते, आणि माझं मत विचाराल तर तसंच राहू द्या, बाहेरून उघडूच नका. मेमरी वाढवायची असेल तर बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची फाइल आपण स्वतः बनवायची, ती आयती येत नाही, आणि विंडोजवर सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर ती फाइल वाचलीच जात नाही, तिथे टॉमकॅटच्या सर्व्हिसची जी छोटी खिडकी येते तिच्या जावा टॅबमध्ये आकडा भरा.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. ॲपमध्ये ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स, जावा ईईचाच एक भाग) असेल तर टॉमकॅटच्या वाट्याला जाऊ नका, तो सर्व्हलेट, जेएसपी, वेबसॉकेट एवढंच करतो, त्यासाठी वाइल्डफ्लायसारखा पूर्ण सर्व्हर बघा. आणि आज कोरं प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याने वेगळा टॉमकॅट बसवायचीच गरज नाही, स्प्रिंग बूटच्या जार फाइलच्या पोटातच तो असतो, वरच्या निम्म्या कटकटी तिथेच संपतात. पण आमच्यासारखे जे आहेत, एका सर्व्हरवर तीन-चार जुनी ॲप, एकच माणूस बघणारा, बजेट नाही, त्यांना याच्याइतका भरवशाचा दुसरा सापडणार नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये हा कोड अपाचीला दिला, तेव्हापासून आजपर्यंत तो चालू आहे, सांभाळला जातोय, सिक्युरिटीचे अपडेट वेळेवर येतात. ८.५ वर अजून कोणी असेल तर मात्र लवकर हला, त्याचे अपडेट ३१ मार्च २०२४ ला थांबलेत.

आमच्या टेस्ट मशीनवर आता टॉमकॅट ११ आहे, त्याला जावा १७ च्या खालचं चालत नाही. एका पतसंस्थेची वॉर कन्व्हर्ट करून चढवलीय, लॉगिन, खातं, व्याजाचा हिशोब सगळं व्यवस्थित, फक्त पासबुकाची प्रिंट अजून एका जुन्या जारवर अडकतेय. लोकलहोस्टचा लॉग उघडूनच बसलेय.