लँकेस्टरचा जुना बफे: आठ महिने, अकरा फेऱ्या आणि सासूबाईंची फरसबी

हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि तसंही पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत अशा जुन्या बफेच्या दोन-चार जागा आहेत, बरंचसं सगळीकडे लागू पडेल. आम्ही एक्स्टनला राहतो, तिथून रूट ३० नं पाऊण-एक तास. पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. भलंमोठं पार्किंग आणि त्यात एक गाडी नाही! मालक मेनोनाइट, म्हणजे जुन्या वळणाच्या एका ख्रिस्ती पंथाचा, त्यामुळे रविवारी बंद म्हणजे बंद. येताना वावा नावाच्या दुकानातून सँडविच घेऊन गाडीतच खाल्लं, तेव्हा आधी वार बघा.

मग आठ महिन्यांत अकरा वेळा जाणं झालं, कारण सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि बाबांना ती जागा फार आवडली. म्हणजे जेवणापेक्षा रस्ता जास्त आवडला, मक्याची शेतं आणि मधूनच टापटाप जाणारी आमिश लोकांची (मोटार न वापरणारा ख्रिस्ती पंथ) करड्या रंगाची घोडागाडी. गुरुवार तेवढा वर्ज्य, त्यांचा उपास.

पहिल्या वेळी आम्ही जे सगळे करतात तेच केलं, वसूल करायला गेलो. रांगेत शिरल्या शिरल्या गरम पाव, मॅश्ड पोटॅटो, मॅक अँड चीज, सगळं असं समोर मांडलेलं की ताट तिथंच भरतं, आणि मांस कापून देणारा माणूस उभा असतो पार दुसऱ्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत पोटात जागा नाही. आणि हे काही चुकून मांडलेलं नाही बरं का, पाव-बटाटे स्वस्त, मांस महाग. आता आम्ही आधी रिकाम्या हातानं एक पूर्ण चक्कर मारतो आणि मगच ताट उचलतो.

ताटावरून आठवलं, इथं प्रत्येक वेळी नवीन ताट घ्यावं लागतं, वापरलेलं घेऊन परत काउंटरवर जायचं नाही, स्वच्छतेचा नियमच आहे तसा. बाबांना ते काही पटेना, "उगाच कशाला आणखी एक ताट खरकटं करायचं" म्हणत तेच घेऊन निघाले. डोक्याला पांढरी जाळीची टोपी घातलेली वाढपी मुलगी मागून धावत आली, हसत हसत ताट काढून घेतलं आणि नवं हातात दिलं. बाबा परत येऊन म्हणाले, आपल्याकडच्या पंगतीत एवढा मान मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा, शाकाहारी लोकांनी नीट वाचा. आमच्या आई अंडंही खात नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी मोठ्या विश्वासानं फरसबी वाढून घेतली, हिरवीगार, वाफाळलेली, एक घास खाल्ला आणि मला म्हणाल्या, "यात हे गुलाबी काय गं, गाजर आहे का?" ते हॅम होतं. मी सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि नंतर घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं. त्यानंतर मी दर वेळी किचनमधल्या बाईंना विचारायला लागले तेव्हा एकेक कळत गेलं: बेक्ड बीन्समध्ये बेकन, पायच्या (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) पारीत बरेचदा डुकराची चरबी, ब्राउन बटर नूडल्समध्ये अंडं, कोलस्लॉच्या मेयोत अंडं, आणि लेकाची लाडकी ती थरथरणारी लाल जेली म्हणजे जिलेटिन, जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. आईंसाठी उरलं काय तर मका, उकडलेला बटाटा, सॅलड आणि कॉटेज चीज (मऊ, दाणेदार, पनीरसारखं). त्यासाठी शनिवारी रात्री माणशी तीस डॉलरच्या वर, टिप वेगळी. पक्के शाकाहारी असाल तर रात्रीच्या जेवणाचे पैसे अक्षरशः पाण्यात.

पण दोन गोष्टी आईंना सापडल्या. एक चाऊ-चाऊ, म्हणजे फ्लॉवर, गाजर, मका, घेवडे वगैरेंचं आंबटगोड व्हिनेगरातलं लोणचं, मोहरी लागते त्यात. आई वाटीभर घ्यायच्या. दुसरं अ‍ॅपल बटर. नावात बटर आहे पण लोण्याचा थेंब नाही, सफरचंद तासन्‌तास आटवून काळपट होईपर्यंत शिजवतात, दालचिनी घालून. तिथले लोक ते कॉटेज चीजवर घालून खातात. आईंनी पाहिलं, तसंच केलं आणि निकाल दिला, "चक्का-मुरांबा."

बाबांचं आवडतं शूफ्लाय पाय, काकवीचं. डायबेटिस असताना. पहिला घास खाऊन कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आठवलं म्हणाले, मग मीही जास्त बोलले नाही.

सगळे याला पेन्सिल्व्हेनिया डच जेवण म्हणतात पण ही मंडळी हॉलंडची नव्हेत, जर्मन बोलणाऱ्या मुलखातून आलेली, पूर्वी इंग्रजीत जर्मन बोलणाऱ्यांनाही 'डच'च म्हणायचे. आणि बाहेर पाटी स्मॉर्गसबोर्डची, म्हणजे बफेचीच, जो शब्द स्वीडिश. असो. नवरा एमएस करताना ओल्ड कंट्री बफेत जायचा, ती चेन १९८३ मध्ये मिनेसोटात सुरू झाली आणि २०२० च्या कोविडमध्ये बंद पडली, त्याला अजून हळहळ वाटते. या गावाकडच्या जागा मात्र तगल्या.

माझं मत विचाराल तर सकाळी जा. नाश्ता स्वस्त, गर्दी कमी, अंडी समोर करून देतात. स्क्रॅपल एकदा खाऊन बघा (मांसाहारी असाल तर), डुकराचं उरलंसुरलं मांस मक्याच्या पिठात शिजवून थापतात आणि वड्या कापून तळतात, कोथिंबीर वडीचीच रीत. नुसत्या मक्याच्या पिठाच्या तशाच वड्या असतात, फ्राइड मश, ती आईंना चालली असती पण विचारल्यावर कळलं तवा एकच. राहिलं.

रात्रीचा अनुभव वाईटच. टुरिस्ट बस आल्या की तासभर रांग, आठनंतर गेलं तर ट्रे कोमट, एकदा ग्रेव्हीवर चक्क साय धरलेली होती. सांगितल्यावर बदलून दिली, वाद घातला नाही, पण सांगावं लागलं. लेकाचे पैसे एकदा मोठ्यांच्या दरानं लावले, बिल बघून घ्या. उरलेलं बांधून देत नाहीत हे दारावरच लिहिलंय, तरी आईंच्या पर्समध्ये घरी आल्यावर टिश्यूत गुंडाळलेले दोन पाव निघाले.

चाऊ-चाऊ आणि अ‍ॅपल बटर खालच्या दुकानात बरणीत मिळतं. आईंनी जाताना चार बरण्या नेल्या, चेक-इन बॅगेत, साडीत गुंडाळून. एक फुटली. साडीला अजून दालचिनीचा वास येतो म्हणे, आणि फोनवर तक्रार साडीची नाही, फुटलेली नेमकी अ‍ॅपल बटरची होती याची आहे.